पाळक नव्हते त्या दीड वर्षात आमचं चर्च पुन्हा उभं राहिलं – माझा अनुभव

आम्ही मूळचे नगरचे, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). २०१६ ला नवऱ्याच्या नोकरीमुळे फिलाडेल्फियाच्या बाहेर एका छोट्या गावात आलो. मराठी मंडळी (म्हणजे चर्चचा सभासद-समुदाय) जवळपास नाही, पण सीएनआय आणि इथलं एपिस्कोपल चर्च दोन्ही अँग्लिकन परिवारातली, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नातं असलेली, त्यामुळे नगरच्या पाळकसाहेबांचं (पाद्रीसाहेबांचं) पत्र दिलं आणि सभासद झालो, पुन्हा बाप्तिस्मा नाही की दृढीकरण (कन्फर्मेशन) नाही. दगडी इमारत, लाल दरवाजा, दीडशे माणसं बसतील एवढी बाकं आणि रविवारी उपासनेला पंचवीसेक जण, त्यात लहान मूल म्हणजे आमची मुलगी एकटीच.

२०२१ च्या जूनमध्ये पाळक रिटायर झाले. आपल्याकडे बिशप बदलीची ऑर्डर काढतात आणि नवीन पाळकसाहेब सामान घेऊन हजर होतात, इथे तसं नाही, मंडळीलाच शोधावा लागतो. वेस्ट्री म्हणजे सभासदांनी निवडलेली कमिटी, तिने डायसिसशी (बिशपांच्या हाताखालच्या विभागाशी) बोलायचं, आपण कोण, पैसा किती, पाहिजे काय हे सगळं लिहून काढायचं, मग अर्ज, मग मुलाखती, मग बिशपांची संमती. मी त्याच जानेवारीत वेस्ट्रीवर निवडून आले होते. दर वर्षी सभासद पुढच्या वर्षी किती देणार ते कार्डावर लिहून देतात, त्याला प्लेज म्हणतात, त्या सगळ्या कार्डांची बेरीज केली तर फुल टाइम पाळकाचा निम्मा पगारसुद्धा निघत नव्हता. आमच्या वॉर्डनबाई, म्हणजे वेस्ट्रीच्या प्रमुख, तेव्हा ८१ वर्षांच्या, त्यांचं लग्न याच चर्चमध्ये झालेलं, नवऱ्याची मयतही इथूनच निघालेली, त्या शांतपणे म्हणाल्या की आता बंद करून इमारत डायसिसला देऊन टाकू. कोणीच काही बोललं नाही.

रात्री आईला फोन लावला आणि रडले. तर ती म्हणते, "अगं, आमच्या गावात पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, प्रभुभोजन (कम्युनियन) द्यायला. बाकीचे रविवार तुझे आजोबा उपासना घ्यायचे, पाऊस असला तरी कंदील घेऊन यायची लोकं. मंडळी मेली का त्यानं?"

मला हे माहीत होतं, लहानपणी पाहिलेलं होतं, पण अमेरिकेत येऊन ते डोक्यातूनच गेलं होतं!! पुढच्या मीटिंगला मी हेच सांगितलं. एपिस्कोपल चर्चच्या १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात सकाळची प्रार्थना आहे, ती साधा सभासद घेऊ शकतो, पाळक लागतो तो प्रभुभोजनाला. मग ठरलं की महिन्यातून एकदा पैसे देऊन बाहेरून पाळक बोलवायचा आणि बाकी रविवार आपणच घ्यायचे. आम्ही चौघांनी शनिवारी ट्रेनिंग केलं, बिशपांचं लायसन्स मिळालं.

माझा पहिला रविवार मी विसरणार नाही. आतल्या खोलीत एक जाड रजिस्टर असतं, तारीख, कोणती उपासना, किती माणसं, घेणाऱ्याची सही. मागची पानं उलटली तर १९६० च्या आसपास आकडे तीन अंकी. उपासना झाल्यावर त्याच रकान्यात मी निळ्या पेनाने १७ लिहिलं आणि खाली सही केली, हात थरथरत होता. वॉर्डनबाईंनी पान बघितलं आणि त्यावर नुसता हात ठेवला.

आता यात झालं काय, की आम्ही चौघं सगळं करू शकत नव्हतो, त्यामुळे बाकीच्यांना उठावंच लागलं. शेवटच्या बाकावर वर्षानुवर्षं न बोलता बसणारे एक रिटायर्ड प्लंबर काका, त्यांनी पहिल्यांदा पुढे येऊन वचन वाचलं, त्यांचा आवाज इतका चांगला आहे हे कोणाला ठाऊकच नव्हतं. आधी कोणी आजारी पडलं की पाळक बघतील असं असायचं. आता यादी वाटून घेतली, प्रत्येकाला चार घरं. नगरला आपण घरभेटी करतो तसंच. मी डब्यात मसालेभात न्यायचे आणि प्रार्थना करून यायचे.

त्याआधी आम्ही नवीन बोर्ड लावला, फेसबुक पेज काढलं, गिटारवाली उपासना सुरू केली, पैसे गेले आणि त्यातून एकही माणूस आलं नाही. माणसं आली ती घरभेटीतून. एका आजींची काळजी घ्यायला येणारी बाई लायबेरियाची होती. मी प्रार्थनेला सुरुवात केली तर ती पुस्तक न बघता माझ्याबरोबर म्हणायला लागली! लायबेरियातलं एपिस्कोपल चर्च अमेरिकेतल्या मिशनमधूनच उभं राहिलेलं, तिच्या तोंडी सगळं पाठ, पण इथे चार वर्षांत तिला कोणी या म्हणालंच नव्हतं. पुढच्या रविवारी ती तीन मुलं घेऊन आली, नंतर तिच्या बहिणीचं कुटुंब. तळघरातला संडे स्कूलचा दरवाजा ओलीने फुगून बसला होता, तो प्लंबर काकांनी रंधा मारून उघडला. मग उपासकाळात (ईस्टरआधीच्या लेंटमध्ये) दर गुरुवारी सूप आणि ब्रेड, कोणीही या, त्यातून अजून काही घरं.

एका रविवारी मी पंडिता रमाबाईंबद्दल बोलले. १८८३ ला इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्येच त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८८६ ला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियात आल्या, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. माझी मुलगी पुढच्या बाकावर बसून ऐकत होती, घरी आल्यावर तिने रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे फोटो शोधून काढले.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये अर्धवेळ पाळकबाई मिळाल्या. मुलाखतीत वॉर्डनबाईंनीच सांगितलं की महिन्यातला एक रविवार आमचाच राहील, तो आम्ही देणार नाही. पाळकबाई म्हणाल्या की मी याच वाक्यासाठी आले. पैशाची ओढाताण अजून आहे, उत्तरेकडचं छत गळतं, खाली बादली ठेवलेली असते, ते मी लपवणार नाही.

गेल्या महिन्यात आमचा रविवार त्या लायबेरियन ताईच्या मोठ्या मुलीने घेतला, ती आता कॉलेजला आहे. रजिस्टर उघडून पेन हातात धरून तिने मला विचारलं, आंटी, तळघरातली पोरं धरायची का? मी म्हटलं धरायचीच, आणि आम्ही दोघी जिना उतरून मोजायला गेलो.