मागच्या सीटवरचा पट्टा

आज सिग्नलपाशी हवालदारांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. माझा बेल्ट लावलेला, म्हणून ऐटीतच काच खाली केली. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मागे वाकून आईला म्हणाले, "मावशी, तुमचा बेल्ट?"

"मागे कशाला लागतो?"

"गाडी थांबते, माणूस थांबत नाही. तुम्ही थेट पोराच्या पाठीवर येऊन आदळाल."

आई गप्प. पावती माझ्या नावाने फाटली आणि राग आलाच, खोटं कशाला बोलू!

मग बक्कल शोधायची वरात. सीट कव्हर घालताना मीच ते खाली दाबून टाकलं होतं. आत बोटं घालून ओढलं, तर आधी एक हरवलेलं पेन निघालं, मग बक्कल.

तीन ठिकाणी अडकणारा हा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ साली आणला. एवढी सोपी वस्तू, तरी लोक आपणहून लावेनात. शेवटी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये तो सक्तीचा केला. माझ्यासारखेच असणार सगळे.

घरी पोचल्यावर आईने विचारलं, "आता सोडू का, की अजून कोणी बघतंय?"