रात्रभर फिरवूनही 49

खोपोलीकडच्या जुलैत सगळ्यालाच ओल धरते. कपाटातल्या प्रयोगवह्यांची पानं चिकटतात, लॅब कोट वाळत नाहीत. त्या दिवशी सकाळी आठला पोचले, तर आमची ट्रेनी जीसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनसमोर तोंड पाडून बसली होती.

"मॅडम, रात्रभर फिरवलं. 49 टक्क्यांच्या पुढे जातच नाही."

हा आकडा ऐकून मी चहा घ्यायचीच विसरले. 30 किंवा 70 असता तर एवढं वाटलं नसतं.

फ्लास्कमध्ये फिनाइल इथेनॉल होतं. या अल्कोहोलचे रेणू दोन प्रकारचे, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब, आर आणि एस, निम्मे-निम्मे. आम्हाला हवा होता फक्त आर, ॲसिटेटच्या रूपात. लायपेज हे एन्झाइम आरला पकडून त्याचं ॲसिटेट करतं आणि एसकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे निवड चोख, पण निम्मा माल वाया. म्हणून त्याच फ्लास्कमध्ये रुथेनियमचं एक संयुग टाकायचं. ते अल्कोहोलमधून हायड्रोजन काढून त्याचा कीटोन करतं आणि मग तोच हायड्रोजन परत जोडतं, या बाजूने किंवा त्या बाजूने, त्याला फरक पडत नाही. त्यामुळे मागे राहिलेल्या एसमधून पुन्हा थोडा आर तयार होतो, लायपेज तो उचलतं, आणि असं करत करत हिशेब शंभराच्या जवळ जातो. स्वीडनमध्ये यान-एरलिंग बेकवाल यांच्या गटाने ही जोडी 1997 साली जमवून दाखवली, तेव्हा 70 अंशांपर्यंत तापवावं लागायचं. आम्ही वापरत होतो ते त्यांचंच 2004चं सुधारित रुथेनियम, खोलीच्या तापमानाला चालणारं. फक्त ते आधी जागं करावं लागतं, पोटॅशियम टर्शरी ब्युटॉक्साइड नावाच्या कडक बेसने.

शेजारच्या बेंचवरच्या सहकाऱ्याने निकाल देऊन टाकला. "एन्झाइम मेलं. धातूसोबत ठेवलंत ना! एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील?"

मला ते पटलं नाही. हे लायपेज ज्या यीस्टचं आहे, ती सापडली अंटार्क्टिकातल्या एका सरोवरात. गंमत म्हणजे रेझिनच्या मण्यांवर बसवलं की हेच एन्झाइम 70 अंशांची उष्णताही सोसतं. इतकं चिवट एन्झाइम बरोबर निम्म्यावरच कसं मरेल?

जीसीच्या साध्या कॉलमवर, म्हणजे आतल्या नळीवर, किती अल्कोहोलचं ॲसिटेट झालं ते कळतं, आर-एस कळत नाही. आर आणि एस वेगळे दाखवणाऱ्या कायरल कॉलमवर दुसऱ्या प्रोजेक्टची सॅम्पलं रांगेत होती. विनवण्या करून मी एक इंजेक्शन मधे घुसवलं आणि ट्रेनीला म्हटलं, "ॲसिटेट नंतर बघ. उरलेलं अल्कोहोल कसलं आहे, ते आधी सांग."

अर्ध्या तासाने ती म्हणाली, "ग्राफवर एकच शिखर आहे मॅडम. जवळजवळ सगळं एस."

म्हणजे लायपेज निर्दोष. ते मेलं असतं आणि रुथेनियम चालू असतं, तर उरलेल्यात आर आणि एसची दोन सारखी शिखरं दिसली असती. इथे लायपेजने आपल्या वाट्याचं काम पूर्ण केलं होतं आणि रुथेनियम रात्रभर झोपून होतं.

"बेस टाकल्यावर रंग बदलला होता का?"

"नाही. पिवळाच होता."

नारिंगी व्हायला हवा होता. बेसची बाटली काढली. आत सुटी पावडर नव्हती, पावसाळ्यातल्या साखरेसारखे खडे होते. हवेतलं पाणी पिऊन ब्युटॉक्साइडचं बरंचसं साधं हायड्रॉक्साइड झालेलं. बाटली मे महिन्यात फोडलेली होती, आणि तीच वापर असं तिला मीच सांगितलं होतं. हे मी तिच्यासमोरच वहीत लिहिलं.

ती फ्लास्क रिकामा करायला निघाली होती. मी थांबवलं. एन्झाइम जिवंत होतं, ॲसिटेट देणारं आयसोप्रोपेनिल ॲसिटेटही शिल्लक होतं. नवी सीलबंद बाटली मागवली, छोट्या फ्लास्कमध्ये नायट्रोजनखाली कोरड्या टोल्युइनमध्ये रुथेनियम घेतलं आणि त्यात बेस टाकला, अगदी मोजून, रुथेनियमला पुरेल तेवढाच. इथे हात सैल सोडून चालत नाही. बेस जास्त झाला तर तो स्वतःच आर-एस न बघता ॲसिटेट करत सुटतो आणि लायपेजने केलेल्या निवडीवर पाणी पडतं. काही मिनिटांत पिवळ्याचा नारिंगी झाला. ट्रेनीने मोबाइलवर फोटो काढला, मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. मोठ्या फ्लास्कमध्ये पाणी शोषायला मॉलेक्युलर सीव्ह टाकल्या, मग ते नारिंगी द्रावण सिरिंजने फ्लास्कच्या रबरी बुचातून हळूहळू आत सोडलं.

दुपारी तीनला 58. कंपनीची बस सुटायच्या आधी 71. बसमध्ये सहकारी माझ्या शेजारी येऊन बसला, तलवारींचा विषय काही त्याने काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेनी माझ्या आधी हजर होती. आकडा नव्वदीच्या पुढे गेला होता, पण तिने आधी मला दाखवला तो कायरल कॉलमचा कागद. तळाशी उरलेल्या किंचितशा अल्कोहोलची दोन बुटकी शिखरं होती, जवळजवळ सारख्या उंचीची.