नवीन डेटाबेस सर्व्हरच्या जागेची वाटणी कशी केली - माझा अनुभव

आमची फौंड्री कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत, आणि आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी एकटाच. गेल्या वर्षी ऐन डिस्पॅचच्या दिवशी जुना सर्व्हर बसला. कारण ऐकून हसाल, रेप्लिकाचं (डेटाबेसची जिवंत नक्कल ठेवणारं) मशीन मी कधीच काढून टाकलेलं पण त्याचा स्लॉट, म्हणजे त्याच्यासाठी फाइली राखून ठेवायची नोंद, काढायचा राहिला, आणि पोस्टग्रेस, म्हणजे आमचं डेटाबेस सॉफ्टवेअर, बिचारं त्या मेलेल्या रेप्लिकासाठी वॉलच्या (प्रत्येक बदलाची आधी नोंद होते तो लॉग) १६-१६ एमबीच्या फाइली साठवत बसलं, सगळं डिस्कच्या एकाच पार्टिशनवर (कप्प्यात), डिस्क फुल, डेटाबेस बंद. गेटवर दोन गाड्या उभ्या आणि चलन निघेना.

त्यानंतर नवीन सर्व्हर मंजूर झाला. व्हेंडरचं कोटेशन आलं ९६० जीबीच्या चार एसएसडी, रेड ५. रेड म्हणजे एखादी डिस्क गेली तरी डेटा राहावा म्हणून डिस्क एकत्र जोडायची पद्धत; ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा त्यात जाते, म्हणजे वापरायला २८८० जीबी. मी म्हटलं रेड १० करा, त्यात प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर, तर १९२० च मिळणार. मालक म्हणाले, "अहो, पैसे चारचे आणि वापरायला दोनच व्हय?" मग समजावलं, रेड ५ मध्ये छोटंसं काही लिहायचं तरी जुना डेटा वाचा, पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायचा हिशोब) वाचा, मग दोन्ही परत लिहा अशी चार कामं, रेड १० मध्ये दोनच. आणि आमच्याकडं फर्नेसचं रीडिंग दिवसरात्र येतंय, सगळं छोटं छोटं लिहिणंच. पटलं त्यांना. नंतर स्क्रीनवर १७८८ दिसल्यावर "उरलेलं १३२ कुठं गेलं?" हेही झालंच, डिस्कवाले १००० नं मोजतात आणि मशीन १०२४ नं, हा हिशोब सांगता सांगता चहा गार झाला.

खरं डोकं लागलं ते वाटणीला. आज डेटा किती, तर १८० जीबी, इंडेक्स (डेटा लवकर शोधायच्या याद्या) धरून. पण तेवढ्यावर काहीच ठरत नाही. जुन्या बॅकअपच्या साइज काढल्या तर महिन्याला साधारण ६ जीबीची वाढ, म्हणजे तीन वर्षांत २१६, झाले ३९६. त्यात सगळ्यात मोठं टेबल ७० चं, त्याचं कधी व्हॅक्यूम फुल, म्हणजे आतली रिकामी जागा काढून टेबल आवळायचं म्हटलं की नवी कॉपी बनेपर्यंत अजून तेवढीच मोकळी जागा पाहिजे. म्हणून डेटाला ६०० दिले. वॉलला वेगळा १०० चा वॉल्यूम (जागेचा स्वतंत्र तुकडा), टेंपला, म्हणजे क्वेरी चालताना लागणाऱ्या तात्पुरत्या फाइलींना वेगळा १००, ओएस आणि साध्या लॉगला ८०. बाकीचे ९०० च्या वर कुणालाच दिले नाहीत, एलव्हीएममध्ये (लिनक्सची जागा वाटणारी सोय) तसेच मोकळे ठेवले, कारण चालू सर्व्हरवर वॉल्यूम वाढवता येतो, कमी करायला मात्र रडायला होतं (एक्सएफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, तर अजूनही नीट कमी होत नाही, म्हणून मी ईएक्सटी४ ही दुसरी घेतली).

मालकांना हे यार्डाच्या भाषेत सांगितलं. स्क्रॅपला कठडा नसला की ढीग सरकत सरकत गेटपर्यंत येतो आणि गाडी आत येत नाही, तसं झालेलं गेल्या वर्षी. आता प्रत्येकाला कठडा. अर्थात डिस्क त्याच चार, त्यामुळं वेगळे वॉल्यूम केल्यानं स्पीड काही वाढत नाही, ते मनातून काढून टाका.

दोन ठिकाणी ठेचकाळलो. डेटाचा फोल्डर थेट माउंट पॉइंटवर (वॉल्यूम जिथं जोडला जातो त्या फोल्डरवर) दिला तर इनिटडीबी, म्हणजे नवा डेटाबेस तयार करणारी कमांड, म्हणाली इथं लॉस्ट अँड फाउंडचं फोल्डर आहे, रिकामी जागा द्या. आत सबफोल्डर केला. ते बरंच झालं, उद्या माउंटच झालं नाही तर पोस्टग्रेसला तो फोल्डर सापडणार नाही आणि ते सुरूच होणार नाही. दुसरं, ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी (सर्व्हरच्या मुख्य युजरसाठी) राखून ठेवते, ६०० मधले ३० जीबी असेच अडकलेले, ते एक टक्क्यावर आणलं.

बॅकअप त्या सर्व्हरवर ठेवायचा नाही हे तर आलंच, पण शिरोलीतही एकच कॉपी नको. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुरात हायवेच बंद होता, फॅक्टरीत पोचणार कसं? दुसरी कॉपी रोज रात्री पुण्याच्या ऑफिसला जाते.

महिनाभरानं अकाउंट्समधून फोन, "दादा, रिपोर्ट एरर देतोय, जागा नाही म्हणतंय." बघितलं तर टेंपचे १०० जीबी गच्च, क्वेरीत जॉइनची अट, म्हणजे दोन टेबलं कशावरून जोडायची ते, लिहायचीच राहिलेली. त्यांची क्वेरी पडली. गेटवर चलनं निघतच होती.