टॅग नंबर सांगा!

आमच्या मॉरिस मायनरला नेमका कुठला कार्बोरेटर बसवलाय हे शोधायला मला पाच महिने लागले. त्यातले चार पुण्यातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानाशी हुज्जत घालण्यात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही. नाना पेठेत अशी दुकानं ढिगानं आहेत.

गाडी वडिलांची, १९५९ ची, ९४८ सीसी. ते गेल्यावर सहा वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. बॅटरी लावून किल्ली फिरवली की गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाची टकटक सुरू व्हायची आणि थांबायचीच नाही. कार्बोरेटरच्या बुडातून ठिबक. खाली वाटी ठेवली, तर दहा मिनिटांत अर्धी. म्हटलं, दुरुस्तीचं किट आणू, बदलू, एका रविवारचं काम.

किट मागवायचं तर कार्बोरेटर कुठला ते सांगावं लागतं. बॉडीवर ‘एसयू’ ही कंपनीची दोन उठावदार अक्षरं, बस्स. एसयूवर फ्लोट चेंबरच्या, म्हणजे पेट्रोल साठतं त्या डबीच्या, झाकणाच्या एका स्क्रूखाली पत्र्याचा छोटा टॅग असतो, त्यावर एयूसी किंवा एयूडी आणि पुढं आकडा. तो असला की पुढचं सगळं सोपं. आमचा टॅग कुणा मिस्त्रीनं झाकण उघडताना काढला तो काढलाच. तुम्ही कधी झाकण उघडलंत तर हात जोडून सांगतो, टॅग परत लावा.

पहिला फोन.

“टॅग नंबर सांगा.”

“टॅग नाही.”

“मग गाडी सांगा.”

“मायनर, एकोणसाठची.”

“पाठवतो. डोळे झाकून लावा साहेब.”

कुरिअरनं पाकीट आलं. आत कॉर्कच्या बारीक रिंगा, तांब्याचे वॉशर, गॅस्केट. आमच्या कार्बोरेटरला कॉर्क बसेल अशी जागाच नव्हती. फ्लोट चेंबरच्या बुडातून एक पातळ नायलॉनची नळी निघून जेटला, म्हणजे पेट्रोल वर येतं त्या बारीक तोटीला, जात होती, आणि ठिबक नेमकी तिथंच होती. पाकिटात नळी नव्हती. फोन केला. उत्तर आलं, “मायनरला नळी नसतीच.” म्हटलं, माझ्या समोर आहे. “मग कुणीतरी लावली असंल.” दुसरं पाकीट मागवलं, पुन्हा कॉर्क. परत घ्या म्हटलं, तर “फोडलेलं पाकीट घेत नाही.” न फोडता आत काय आहे ते कसं कळणार, हे त्यांना विचारलं. फोन कट.

तिसऱ्यांदा स्वतः गेलो. कार्बोरेटर धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून बिस्किटाच्या डब्यात घातला आणि कोल्हापूरहून एसटी पकडली. तरी कराडच्या पुढं कंडक्टर नाक वर करून विचारतोच, “पेट्रोल कुणाकडं हाय?” मी खिडकीबाहेर बघत बसलो. स्वारगेटला उतरून दुकानात गेलो. तिथं पाऊण तास उभा. मालक फोनवर, समोर चार गिऱ्हाइकं, प्रत्येकाच्या हातात काहीतरी मोडलेलं. शेवटी माझा डबा उघडला. त्यानं कार्बोरेटर हातातसुद्धा घेतला नाही, लांबूनच बघून म्हणाला, “हा मायनरचा नाही.”

“मग कशाचा?”

“टॅग नंबर सांगा.”

पुढं मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. येताना एसटीत डबा मांडीवर घेऊन बसलो होतो आणि खरं सांगतो, गाडी विकायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात लेथवाल्या मित्राकडं गेलो ते फक्त रडगाणं गायला. त्यानं माझं ऐकता ऐकता व्हर्नियर काढला आणि थ्रॉटलचं भोक मोजलं. ३१.७५ मिमी, म्हणजे सव्वा इंच. “नळी नंतर लावलेली न्हाई रं भावा, बॉडीच तशी ओतलीया.” इतकं साधं वाक्य चार महिन्यांत कुणी बोललं नव्हतं.

तिथून गाठ सुटली. एसयूच्या नावातला आकडा म्हणजे एक इंचाच्या वर किती अष्टमांश. २ म्हणजे सव्वा इंच. कॉर्कचे ग्लँड, म्हणजे गळती रोखणाऱ्या रिंगा, असलेला तो एच२, नायलॉनची नळी असलेला एचएस२. आमच्या वर्षाच्या मायनरला एच२ येत होता. दुकानदार गाडी ऐकून बरोबरच किट देत होता, फक्त माझ्या कार्बोरेटरचं नाही.

आता हा एचएस२ कुठल्या गाडीचा? वरचा घुमट काढला, पिस्टन बाहेर घेतला, बाजूचा स्क्रू ढिला करून नीडल, म्हणजे जेटच्या भोकात वरखाली होणारी सुई, ओढली. काजळी इतकी की काही दिसेना. पेट्रोल, जुना टूथब्रश आणि आईचं वाचायचं भिंग. नीडलच्या जाड टोकावर ‘एएन’. ९४८ च्या मायनरची नीडल ‘एम’. ‘एएन’ ही १९६२ पासूनच्या १०९८ सीसी मायनरची. म्हणजे कुणीतरी पुढच्या मायनरचा कार्बोरेटर मागच्या मायनरला बसवला होता. इंजिनच बदललंय की काय म्हणून नंबर बघितला, सुरुवात ९एम. १०९८ असतं तर १०एमए असती. इंजिन मूळचंच. त्या रात्री मी दोनदा जेवलो.

घुमट आणि पिस्टन ही जोडी असते, दुसऱ्या कार्बोरेटरचा घुमट चढवू नका, हे आधीच सांगायला हवं होतं. नीडल परत बसवताना तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट आला पाहिजे. पिस्टन बोटानं उचलून सोडला की ‘टक’ असा आवाज यायला हवा; नाही आला तर जेट मध्यावर नाही.

वाचता वाचता कळलं की एसयू म्हणजे स्किनर युनियन. हे स्किनर घराणं लंडनचं, जोड्यांच्या धंद्यातलं, आणि त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरात पिस्टनऐवजी चामड्याचा भाता होता. कोल्हापूरकर असल्यामुळं मला याचा उगाच अभिमान वाटला.

नळीसकट जेट शेवटी इंग्लंडहून मागवला. ऑर्डर देताना नळीची लांबी मोजून आणि फ्लोट चेंबर कुठल्या बाजूला आहे ते बघून द्या, डावे-उजवे वेगळे मिळतात. बसवायला चाळीस मिनिटं. किल्ली फिरवली, पंप पंधरा-वीस वेळा टकटकला आणि गप्प झाला. वाटी अजून खालीच ठेवलीय, पण कोरडी.

कॉर्कची ती दोन पाकिटं पडून आहेत. कुणाकडं एच२ असेल तर घेऊन जा. दोन्ही फोडलेली आहेत.