बिडाची जाळी

वैशाखातली दुपार. अंगणातल्या शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गॅसच्या ग्रिलच्या कव्हरखाली एक कुंभारीण माशी सारखी ये-जा करत होती. तोंडात चिखलाची गोळी घेऊन आत जायची, थोडा वेळ बारीक गुणगुण, परत बाहेर. कव्हर उचलून पाहिलं, तर बाईसाहेबांनी बर्नरच्या नळीच्या तोंडाशीच घर लिंपायला घेतलेलं. बरोबर तिथंच, जिथून गॅसबरोबर हवा आत ओढली जाते. ती वाट बुजली की ज्योत निळी राहत नाही, पिवळी पडून काजळी धरते. अगदीच बुजली, तर गॅस उलटा फिरून नॉबच्या मागंच पेट घेतो. कोळ्यांचीही हीच लाडकी जागा. एवढं अंगण, पेरूचं झाड, कुंपणाच्या भिंतीला पाहिजे तेवढी भोकं, पण बिऱ्हाड करायचं ते याच नळीत.

तार घेऊन बसलो. आता तार हातात घेतली की ग्रिलची भाजायची जाळी बाहेर येणार, आणि जाळी बाहेर आली की संध्याकाळ गेलीच. हिनं दारातनं एकदा बघितलं आणि चहाचं विचारलंसुद्धा नाही. अशा वेळी माझे हात कपाला लावण्याजोगे नसतात, हे तिला पाठ आहे.

ग्रिल मूळचा पुण्याचा. भाच्याच्या सोसायटीनं बाल्कनीत लावू दिला नाही, म्हणून कोल्हापूरला आला. पुण्यात न मावणारं सगळं शेवटी मामाकडंच येतं. चार बर्नर, वर अवजड झाकण, झाकणावर फॅरनहाइटचा काटा, दोन्ही अंगाला फळ्या, खाली कपाट. वजन ६० किलोच्या पुढं. चाकं मात्र दोनच, तीही प्लास्टिकची, गुळगुळीत फरशीवर इकडचं तिकडं करण्यापुरती. कुणाच्या तरी बंगल्यामागं आयुष्यभर एका जागी उभी राहायची वस्तू, आणि सापडली आमच्या रस्सामंडळाच्या हातात.

रस्सामंडळाला, म्हणजे रानात रस्सा करून जेवणाऱ्या आमच्या टोळक्याला, एका जागी करमत नाही. आज कुंभी नदीच्या काठाला कुणाचं तरी रान, पुढच्या खेपेला राधानगरी रोडला कुणाच्या तरी पाहुण्याची विहीर. मग ग्रिलही निघाला. छोटा हत्तीत घालून पहिल्यांदा नेला, तेव्हा फुलेवाडीपासून बालिंग्याच्या पुलापर्यंत रस्त्यातला एकेक खड्डा आम्हाला आवाजावरून कळला. रानात पोचलो तर एक चाक हौद्यात आणि ग्रिल तीन पायांवर.

पण उद्यमनगरची वर्कशॉपं असताना कोल्हापूरच्या माणसानं कुठल्याही यंत्रापुढं हात टेकू नयेत. तिथल्या मिस्त्रीनं आधी जाळी उचलली, उलटी केली, पान्यानं हलकेच टिचकी मारली आणि म्हणाला, "बीड हाय. वरनं इनॅमल मारलंय. खरडू नगासा. टवका उडाला की गंज धरला म्हणून समजा." मग ट्रॉली बाजूला काढून त्यानं नुसत्या पेटीला अँगलचा सुटा स्टँड केला, नट-बोल्ट काढले की आडवा होणारा, आणि दोन्ही बाजूंना पाइपच्या मुठी. आता चौघं मिळून पालखीसारखा उचलतात. पैसे किती झाले ते घरात सांगितलेलं नाही.

निघताना मी जरा कडकच असतो. जाळ्या काढून पोत्यात गुंडाळायच्या, वेगळ्या ठेवायच्या. खालचा तेलाचा ट्रे रिकामा करूनच निघायचं, नाहीतर मागच्या खेपेचं ओशट वाटेत सगळीकडं पसरतं. सिलिंडर उभा, रेग्युलेटर काढून, टोपी लावून, दोरीनं हौद्याला आवळून. "आडवा टाका की मामा, बसतंय की," हे दर वेळी कुणीतरी म्हणतोच. बसतंय, मान्य आहे. पण आडव्या सिलिंडरात व्हॉल्व्हपाशी वाफेऐवजी पातळ गॅस येऊन बसतो, आणि तो बाहेर आला तर कुठं बसतंय ते बघायला आपण नसतो. रानात गेल्यावर जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे. हा गॅस हवेपेक्षा जड, खोलगटात जाऊन साठतो, म्हणून चरीत किंवा विहिरीच्या तोंडाशी मांडायचा नाही. झाकण उघडं ठेवूनच काडी लावायची. मग ग्लासभर पाणी पेटीवर ठेवून समतल बघायचं, कारण आतली चरबी उतारानं ट्रेकडं जायला हवी. कललेल्या पेटीत ती एका कोपऱ्यात साठते आणि बर्नर मोठा केला की भडकते. तेव्हा पाणी मारायचं नाही, नॉब बंद करून वर मीठ फेकायचं. हे सगळं होईस्तोवर मंडळी लांब बसून म्हणतात, "मामाची पूजा चाललीया."

आणि एवढा सोहळा कशासाठी? तांबडा तीन दगडांवर, पांढरा तीन दगडांवर, मटण लाकडाच्या जाळावर. ग्रिलवर चिकनचे तुकडे, चार कणसं, भरताची वांगी. म्हणजे ६० किलोचं धूड नदीकाठाला न्यायचं ते तोंडी लावण्यासाठी. गंमत अशी, की भाजायला तिथं रांग लागते. हातात चिमटा आला की माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटतं, फोटो निघतात. धुवायची वेळ आली की त्याच माणसाला पानाची आठवण होते. माझं उलटं आहे. भाजण्यात मला काडीचा रस नाही. कुणी काय करपवायचं ते करपवा. पंगत उठली की जाळी माझी.

ही सवय मला माझ्या मामाच्या गुऱ्हाळावर लागली. दिवाळी झाली की आम्ही पोरं तिथंच. भलीथोरली काहील चुलवाणावर, तोंडाशी चुलव्या वाळली चिपाडं आत सारतोय, वर रस उसळतोय आणि दोघं जण लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढतायत. गुळव्या कुणाशी बोलायचा नाही. मधूनच पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघायचा. आम्ही उसाची कांडकी सोलून तयारच असायचो. काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या हौदात, ओतली, की कडेला चिकटलेला ऊन गूळ त्या कांडक्यानं खरवडायचा. तोंड भाजायचं, जिभेला चटका बसायचा, तरी हटायचं नाही. पण वेळ अगदी थोडा. चुलवाण खाली तापलेलंच, कोरडी काहील राहिली तर जळणार, म्हणून लगेच पाण्याची बादली यायची आणि गुळव्याचा आवाज, "सरा! गरम हाय तवरच भांडं ऐकतं." तो दिवसभरात बोलायचा ते बहुतेक एवढंच.

म्हणून मंडळी सुपारी कातरत असतात तेव्हा मी चारही बर्नर मोठे करून झाकण पाडतो आणि १०-१५ मिनिटं थांबतो. कांदा-लसूण मसाला तेलात मिसळून बिडावर बसला की त्याची काळी चिकट साय होते. थंड झाली तर छिन्नीलाही दाद देत नाही. तापली की तिची पांढुरकी राख होते आणि कडेनं पापुद्रे सुटायला लागतात. मग गॅस बंद. अर्धा कांदा काट्याच्या चमच्याला खोचून, कापलेली बाजू खाली करून, एकेका गजावर दाबून ओढायचा. चर्र होतं, करपल्या कांद्याचा वास येतो आणि मागं गजाची काळी पट्टी लख्ख दिसते. तारेचा ब्रश मी वापरत नाही, त्याचा एखादा केस तुटून जाळीवर राहतो आणि पुढच्या खेपेला कुणाच्या तरी घशात जातो. नारळाची शेंडी बरी. शेवटी कोमट जाळीवर तेलाचं फडकं. ट्रेमध्ये चुलीतली राख पसरायची, ओशट सगळं पिऊन घेते. बर्नरच्या वरचे तिरपे पत्रे घरी आल्यावर.

काहील कधी कुणी कुठं नेली नाही. गुळव्या, चुलव्या, गाडीवान, आम्ही पोरं, सगळे तिच्याकडं जायचो. पुढं मामाचा ऊस कारखान्याला जायला लागला, चुलव्या मिळेना, गुऱ्हाळ थांबलं. काहील कितीतरी वर्षं गोठ्यामागं पालथी पडून होती, तिच्यावर कोंबड्या बसायच्या. भंगारवाला आला, तेव्हा ती टेम्पोत मावेना. गॅस कटर आणून त्यानं जागेवरच तुकडे केले आणि काट्यावर घातले. मामा पैसे मोजून घ्यायलासुद्धा बाहेर आला नाही, मामीनं घेतले.

ग्रिल विकायचा विषय आमच्या घरात दर पावसाळ्याआधी निघतो. शेड गळतं, पत्रा गंजतो, जागा अडते, सगळं खरं आहे. मागं एक गिऱ्हाईक आलंही होतं, हॉटेलवाला. झाकण उघडून बघितलं, नॉब फिरवले, भावही बरा सांगितला. मग जाळीकडं बोट करून म्हणाला, ही जुनी दिसते, नवीन घालून द्या. मी म्हटलं, मग जाळी राहू दे, बाकीचा घेऊन जा. तो थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला आणि गाडीला किक मारून गेला. हिनं अजून त्यावरून बोलणं सोडलेलं नाही.