तुम्ही विचारलंत म्हणून: देव मानत नाहीस, मग जिवती कशाला?

आषाढ संपता संपता आमच्या ओट्याशेजारच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागतो आणि पुढचा महिनाभर घरी येणारं कुणी ना कुणी विचारतंच, "तू तर देव मानत नाहीस ना? मग हे काय?" नणंद विचारते तेव्हा त्यात 'सापडलीस!' असा आनंद असतो. ऑफिसातला जुना मित्र अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात राबलेला आहे. तो विचारतो तेव्हा आवाजात हळहळ असते. दोघांनाही मी आजवर "सासूबाईंची पद्धत आहे" असं सांगून चहा पुढे केलाय. उत्तर सोयीचं आहे, पण त्यात दम नाही. सासूबाईंनी स्वतःच मला मोकळं केलं होतं, "अगं, नोकरी करून झेपत नसेल तर सोड. जिवती काही रुसून बसत नाही." तेव्हा आता जरा सविस्तर सांगते.

ज्यांच्याकडे ही पूजा नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. श्रावणातल्या शुक्रवारी लेकुरवाळ्या बायका जिवती पुजतात. छापील कागद असतो, बाजारात अगदी स्वस्तात मिळतो. वरच्या अंगाला खांबातून निघालेला नरसिंह आणि कालियावर नाचणारा कृष्ण, खाली हत्तीवर नि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती, आणि मधोमध जरा-जिवंतिका, त्यांच्या अंगाखांद्यावर पोरंच पोरं. कापसाचं वस्त्र, आघाडा-दूर्वांची माळ, दूध-साखर, चणे-फुटाणे, आणि पुरणाचे दिवे करून मुलांचं औक्षण. एवढंच.

त्या मधल्या जोडीतल्या जरेवर माझा विशेष जीव आहे. ती मूळची राक्षसी. महाभारताच्या सभापर्वात तिची गोष्ट येते. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं मूल होतं. दाया ते दोन तुकडे चव्हाट्यावर टाकून येतात. मांसाच्या शोधात जरा तिथे पोचते, न्यायला सोपं जावं म्हणून दोन्ही तुकडे एकत्र धरते, तर ते सांधले जाऊन मूल टाहो फोडतं. ती ते खात नाही, राजाला नेऊन देते. तोच जरासंध. तिथेच ती राजाला सांगते, की मला लेकरांसकट जो भिंतीवर रंगवेल त्याच्या घरी भरभराट होईल. कागदाचे कोपरे चिकटवताना मला दर वर्षी हे आठवतं. खायला आलेली बाई मूल वाचवून जाते आणि तिला थेट स्वयंपाकघरात जागा मिळते! सटवाईचं तेच, शीतळेचं तेच. मुलं नेणारीलाच त्यांची राखण सोपवायची.

हे भाबडेपण म्हणून उडवून लावणं मला जमत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे साधारण पाचातलं एक मूल पहिलं वर्षही बघत नसे. माझ्या आजीच्या वयाच्या बायकांना "मुलं किती?" विचारलं की "सात, पैकी चार हाताशी" असं उत्तर यायचं, डाळ निवडता निवडता, मान वर न करता. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा बालमृत्यू दर हजारी १६ होता. देवीचा रोग गेला, पोलिओ गेला. आपल्या पिढीला मूल जगणार हे गृहीत धरायची चैन मिळाली, आणि ती ज्यांच्यामुळे मिळाली त्यांची नावंही आपल्याला धड ठाऊक नाहीत.

मला ती चैन मिळाली नव्हती. लेक तिसाव्या आठवड्यात झाली, जेमतेम सव्वा किलोची. मुंबईतल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात, काचेच्या पेटीत, नाकातून पोटात गेलेली नळी. इतक्या लहान बाळाला ओढून प्यायची ताकद नसते, तेव्हा दोन-दोन मिलिलीटर दूध नळीतून सोडतात. आणि मला दूधच येईना. वॉर्डातल्या सिस्टर पंप करायला बसवत, पाठ चोळत, गरम पाणी आणून देत, तरी वाटीचा तळही झाकला जायचा नाही. अशा बाळांची आतडी फार कच्ची असतात. वरच्या दुधाने त्यांना एक जीवघेणा विकार होण्याचा धोका वाढतो, आईच्या दुधाने तो कमी राहतो. आई कुठलीही असो. डॉक्टरांनी विचारलं, "बँकेतलं दूध चालेल ना?" तेव्हा अशी बँक असते हेच मला पहिल्यांदा कळलं.

ती बँक कशी चालते ते मी नंतर सगळं विचारून घेतलं. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्याच मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आपल्या बाळाला पुरून दूध उरतं अशा बाळंतिणी ते देतात. आधी त्यांच्या रक्ताच्या तपासण्या होतात. मग अनेकींचं दूध एकत्र करून ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवतात, लगेच थंड करतात, जंतू नाहीत ना हे प्रयोगशाळेत तपासतात आणि उणे २० अंशांना गोठवून ठेवतात. ज्या बाळाला गरज असेल त्याच्या वाट्याला ते जातं. बाटलीवर क्रमांक आणि तारीख असते. नाव नसतं.

म्हणजे माझी मुलगी सुरुवातीला ज्या दुधावर तगली ते कुणाचं, हे मला कधीच कळणार नाही. एकीचं नव्हे, कितीतरी जणींचं. त्यात कुणी धारावीतली असेल, कुणी चेंबूरची, कुणाच्या डोक्यावर पदर असेल, कुणाच्या बुरखा. ज्या शहरात आजही घर भाड्याने देताना आडनाव विचारतात, तिथे माझ्या मुलीच्या पोटात काय काय मिसळून गेलं याचा विचार केला की मला हसूही येतं आणि फार बरंही वाटतं.

आता श्रद्धेचं. लेक घरी आली तेव्हा सगळे म्हणाले, "देवाची कृपा." मीही मान डोलावली असती, पण आमच्या शेजारच्या पेटीतलं बाळ घरी गेलं नव्हतं. त्याची आई माझ्याहून धार्मिक होती. रोज अंगारा आणायची, आणि जपमाळ ओढता ओढता माझ्या मुलीसाठीही दोन मणी ओढायची. माझ्यावर कृपा झाली म्हणायचं, तर तिच्यावर ती झाली नाही असंही म्हणावं लागतं, आणि मग का नाही याचं उत्तर द्यावं लागतं. 'गेल्या जन्मीचं काहीतरी' असं तिच्या तोंडावर बोलायची जीभ असेल त्यांनी बोलावं. माझा देवावरचा विश्वास त्या वॉर्डात उडाला असं मी म्हणत नाही. तो आधीही फार नव्हता. पण 'मला वाचवलं' असं म्हणणारी प्रार्थना मला तेव्हापासून करता येत नाही. कुणाशी वाद म्हणून नाही, करवतच नाही.

उपकार मात्र मनातून हटत नाहीत. डॉक्टरांना पेढे दिले, सिस्टरना साड्या दिल्या, त्यांनी लाजत घेतल्या. पण त्या दूध देणाऱ्यांचं काय? ज्यांनी बेवारशी बाळांवर उपचार करता करता अपुऱ्या दिवसांची बाळं जगवायचं शास्त्र शिकून घेतलं, ज्यांनी लशी शोधल्या, ज्यांनी पेट्या पुसल्या? इतक्या सगळ्यांना हात जोडायला कुठेतरी एक जागा लागते. सासूबाईंच्या भिंतीवर ती तयार होती. अंगभर परकी पोरं घेऊन बसलेल्या दोन बायका. त्यातली एक तर राक्षसीण, तुकडे सांधणारी. मला याहून योग्य दैवत सापडलं नसतं. म्हणून मी कागद लावते. ती प्रसन्न व्हावी असं काही मागत नाही. झाल्याची पोच देते.

शुक्रवारची कहाणी मी वाचते, तीही मोठ्याने. राणीने दाईकरवी चोरलेलं ब्राह्मणीचं बाळ राजा होतं. त्याची खरी आई जिवतीला म्हणते, माझं बाळ जिथे असेल तिथे खुशाल असो, आणि अक्षता टाकते. त्या त्याच्या डोक्यावर पडतात. शेवटी भर पंगतीत राजा समोर येतो आणि तिला पान्हा फुटतो. दुधावरून आई पटते. लेक हे ऐकून दर वर्षी तोच विनोद करते, "माझ्या पंगतीत किती जणी उठतील गं?"

आघाडा आणणं हा या पूजेतला माझा सर्वांत आवडता भाग. लोक त्याला तण म्हणतात. पहिल्या पावसानंतर रेल्वेच्या कुंपणालगत, पडीक भिंतींपाशी तो आपसूक उगवतो. समोरासमोर पानं, वर सरळ तुरा, आणि खालच्या अंगाला वळलेली टोकदार फळं. जवळून गेलं की साडीला चिकटतात. तशीच ती गावोगाव जातात, गाईच्या अंगावरून, माणसाच्या धोतरावरून, ज्याचं त्याला कळतही नाही. दूर्वेचं आणखी वेगळं. ती जमिनीवर सरपटते आणि पेरागणिक मूळ धरते. एका टोकाला उपटली तरी दुसरीकडे चालूच. दादरच्या फुलबाजारात दोन्हींची जुडी बांधून मिळते, पण मी जमेल तेव्हा स्वतः खुडते. पावसात भिजत, वाकून, बोटांना ओल्या मातीचा वास घेऊन. देवघरासमोर बसून जे मला होत नाही ते तिथे थोडंफार होतं.

पद्धतीतलं सगळंच मी पाळते असं नाही. हिरवी साडी नेसायची नाही, कारल्याच्या मांडवाखालून जायचं नाही, हे आमच्याकडे आता कुणी बघत नाही. मुंबईत कारल्याचा मांडव शोधावा लागेल. पण जेवायला 'सवाष्णच' हवी हे मात्र मी ठरवून सोडलं. आमच्या मजल्यावरच्या काकू नवरा गेल्यापासून श्रावणात घराबाहेर पडत नसत. पहिल्या वर्षी बोलावलं तर "मला नको गं, तुझ्या लेकराचं शुभ बघ" म्हणाल्या. आता पुरण त्याच वाटतात, आणि माझं पुरण सैल होतं म्हणून बोलणीही त्याच ऐकवतात. औक्षणासाठी बसायलाही पूर्वी मुलगेच असत. जिवतीच्या अंगावरच्या पोरांमध्ये मुलगे किती, मुली किती, हे त्या कागदावरून तरी कुणाला सांगता येणार नाही.

लेक आता शिकायला बेंगळुरूला असते. मूल परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकायची रीत आहे. "मी आग्नेयेला आहे, बाकीचे तांदूळ वाचव," असं ती फोनवर सांगते. मी चारी दिशांनाच टाकते. उरलेल्या दिशांना कुणाकुणाची घरं असतील, आपल्याला काय माहीत.

गेल्या वर्षी माझी भाची बाळंत झाली आणि तिला दूध उतू जाईल इतकं आलं. मी तिला मिल्क बँकेचं सांगितलं. रक्त तपासून घेतलं, पंप विकत आणला, आणि बाळाला पाजून झालं की ती उरलेलं काढून डीपफ्रीजमध्ये ठेवू लागली. बँकेची माणसं येऊन घेऊन जात. कुणाच्या बाळाला गेलं हे तिने एकदा विचारलं. ते सांगत नाहीत म्हणाले. तिला त्याचं काही वाटलं नाही. मी हौसेने तिच्यासाठीही एक कागद आणला होता. ती म्हणाली, "मावशी, मला नको हं हे सगळं. भिंतीचा रंग नवा आहे." बरं म्हटलं.