हेन्टीचं वडगाव आणि आपलं वडगाव

स्मरणिकेसाठी मनोगत लिहा असा निरोप आला, तेव्हा स्नेहसंमेलनं, सहली, शिस्त यांवर बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच असं धरून मी एकाच गोष्टीपुरतं लिहायचं ठरवलं. आपल्या ग्रंथालयात इंग्रजी पुस्तकांचं एक कपाट होतं. त्याच्या खालच्या फळीवर जॉर्ज आल्फ्रेड हेन्टीच्या ऐतिहासिक साहसकथा होत्या. त्या पुस्तकांनी आणि ती वाचून दाखवणाऱ्या आमच्या इतिहासाच्या सरांनी मला इतिहास वाचायला शिकवलं. सरांना आपलं नाव छापून आलेलं आवडत नसे, म्हणून इथेही देत नाही. त्या तुकडीतल्या सगळ्यांना ते कळेलच.

पुस्तकं दिसायला देखणी होती. जाड कापडी बांधणी, पुठ्ठ्यावर दोन-तीन रंगांत ठसवलेला तलवारधारी पोरगा आणि त्याच्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत नाव. बहुतेक पुस्तकं ग्लासगोच्या ब्लॅकी अँड सन या प्रकाशनाची. एका प्रतीच्या आतल्या पानावर विलायतेतल्या कुठल्याशा रविवारच्या शाळेची बक्षिसाची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर झोकदार अक्षरात मुलाचं नाव होतं. ही बक्षिसं त्या पुस्तकांच्या जन्माशीच बांधलेली आहेत, हे सरांनी सांगितलं. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये गरिबाघरची पोरं मोठ्या संख्येनं शाळेत येऊ लागली. हजेरीसाठी, चांगल्या वागणुकीसाठी त्यांना पुस्तकं बक्षीस दिली जात. ही पुस्तकं निवडायचे मास्तर आणि धर्मोपदेशक, त्यामुळे गोष्ट रंगतदार हवी आणि संस्कारीही हवी, अशी दुहेरी मागणी असे. हेन्टीनं ती वर्षानुवर्षं पुरवली. पुस्तकं नाताळच्या तोंडावर बाजारात येत आणि त्यांवर पुढच्या वर्षाचा आकडा छापलेला असे, म्हणजे नव्या वर्षातही ती ताजी दिसत.

हेन्टीचा जन्म १८३२ चा, केंब्रिजजवळच्या ट्रम्पिंग्टन गावचा. लहानपण बरंचसं आजारपणात, अंथरुणावर वाचत गेलं. पुढे केंब्रिजचं शिक्षण अर्धवट सोडून तो क्रिमियाच्या युद्धात रसद खात्यात गेला आणि नंतर ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्राचा युद्धवार्ताहर झाला. इटलीतल्या गॅरिबाल्डीची मोहीम त्यानं पाहिली, इंग्रज सेनापती नेपियरच्या सैन्याबरोबर तो अबिसिनियात (आजच्या इथिओपियात) गेला, आफ्रिकेतल्या अशांती नावाच्या राज्याशी इंग्रजांचं झालेलं युद्ध पाहिलं आणि १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्याबरोबर हिंदुस्थानातही येऊन गेला. आपल्या मुलांना रात्री जेवणानंतर गोष्टी सांगता सांगता तो लेखक झाला. पुढे लेखनिकाला तोंडी मजकूर सांगून वर्षाला तीन-चार कादंबऱ्या हातावेगळ्या करू लागला. १९०२ मध्ये वेमथ बंदरात स्वतःच्या नौकेवर तो वारला, तोवर सव्वाशेच्या आसपास पुस्तकं झाली होती.

इतकी पुस्तकं एकाच साच्यातून निघालेली असणार हे उघड आहे. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, बाप मेलेला किंवा परागंदा, हातात पैसा नाही पण मनगटात जोर आहे आणि खोटं बोलायचं नाही हा बाणा आहे. तो नेमका इतिहासातल्या मोठ्या घटनेच्या तोंडाशी जाऊन पोचतो. मग तो सेनापती हॅनिबल असो, ड्रेक असो की क्लाइव्ह, या पोराला जवळ बोलावतो, निरोप्याचं काम देतो, आणि लढाईचा नकाशा आपल्याला त्या पोराच्या डोळ्यांनी दिसू लागतो. माझ्या मते हेन्टीचं खरं कसब इथे आहे. किल्ल्याला पाणी कुठून येतं, तोफ चढावर न्यायला किती बैल लागतात, नदीला उतार कुठे आहे, हे तो गोष्ट न थांबवता सांगतो. रसद खात्यात आणि छावण्यांत राहिलेल्या माणसालाच ते साधतं. माणसं रंगवण्यात मात्र तो कच्चा होता. त्याचे नायक एकमेकांच्या जागी ठेवले तरी फारसं बिघडत नाही.

आमच्यासाठी महत्त्वाचं पुस्तक होतं ‘अ‍ॅट द पॉइंट ऑफ द बॅयोनेट’. हेन्टीच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी आलेली ही कादंबरी इंग्रज-मराठे युद्धांवरची आहे. पहिल्या मोहिमेत हॅरी लिंडसे या तान्ह्या मुलाचे आईबाप मारले जातात. त्याला सांभाळणारी मराठी आया, सोयरा, त्याला उचलून आपल्या माणसांत नेते, मराठी मूल म्हणून वाढवते, वय झाल्यावर त्याला त्याचं कूळ सांगते आणि शिकायला मुंबईला पाठवते. सोळाव्या वर्षी तो इंग्रजी फौजेत अधिकारी होतो आणि अस्खलित मराठीच्या बळावर मराठ्यांविरुद्धच बढती मिळवत जातो.

शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला सर हे पुस्तक वाचत. आधी परिच्छेद इंग्रजीत, सावकाश, मग तोच मराठीत सांगत. एका शनिवारी ते आम्हाला सायकलींवरून मावळातल्या वडगावला घेऊन गेले. जानेवारीची थंडी होती. १७७९ च्या जानेवारीतच मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० ची फौज राघोबादादांना गादीवर बसवायला घाट चढून याच वाटेनं आली होती. सामानसुमान आणि हजारो बैल घेऊन ती दिवसाला मैलभरसुद्धा सरकत नव्हती. मराठ्यांनी पुढचा मुलूख उजाड केला, तळेगाव स्वतःच जाळलं. तिथे पोचलेल्या इंग्रजांनी हबकून जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि रात्रीच्या अंधारात माघार घेतली. महादजी शिंद्यांनी त्यांना वडगावात कोंडलं आणि तहावर सह्या करायला लावल्या.

सरांनी आम्हाला कॅप्टन स्टुअर्टच्या समाधीपाशी नेलं. माघारीच्या काही दिवस आधी तो कार्ल्याजवळ मराठ्यांच्या तोफगोळ्यानं मेला. आपल्या लोकांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं आणि त्याची आठवण जपली. तिथे पारावर बसवून सरांनी हेन्टीची सुरुवातीची पानं पुन्हा वाचली, आणि पिशवीतून वासुदेवशास्त्री खऱ्यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तल्या पटवर्धन सरदारांच्या पत्रांवरून स्वतःच्या हातानं काढलेली टिपणं बाहेर काढली. तीच मोहीम, पण छावणीतून घरी बातमी कळवणाऱ्या मराठी माणसाच्या शब्दांत. दोन्ही ऐकून झाल्यावर वर्गातली एक मुलगी म्हणाली, “सर, मग सोयरा फितूर का?”

सर म्हणाले, “तू ठरव. पण कारण लिहून आण.”

पुढच्या शनिवारी निम्मा वर्ग भांडत होता. तान्हं पोर वाचवणं ही फितुरी कशी, असं मी लिहिलं होतं. तिनं लिहिलेलं जास्त खोल होतं: पोर वाचवलं ते सोयराचं मोठेपण, पण लेखकानं तिला दुसरं काही करूच दिलं नाही, तिनं आयुष्यभर त्याच्यासाठी झिजायचं आणि तो वर्दी घालून तिच्याच मुलखावर चालून येणार, याचं तिला काय वाटलं हे पुस्तकात कुठेच नाही. सरांनी ते पान वर्गात वाचून दाखवलं. मराठी माणसाची निष्ठा इंग्रजाच्या कामी आली की सद्गुण आणि पेशव्याच्या कामी आली की कारस्थान, हा हेन्टीचा हिशेब तिनं चौदाव्या वर्षी ओळखला होता.

याहून कडू पानंही त्या फळीवर होती. अशांती युद्धावरच्या ‘बाय शिअर प्लक’मध्ये एक पात्र आफ्रिकी माणसाची बुद्धी दहा वर्षांच्या युरोपीय मुलाएवढी असल्याचं सांगतं, आणि पुस्तक त्याला अडवत नाही. हे वाक्य बक्षीस म्हणून हजारो मुलांच्या घरी गेलं. सरांनी ते पान वगळलं नाही. ते वाचून त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी गोष्ट पुढे नेली नाही.

त्याच फळीवर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं ‘किडनॅप्ड’ होतं, तेही ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात १८८६ मध्ये क्रमशः आलेलं. काळ अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडचा, जेकोबाइटांचं, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचं, बंड मोडलं गेल्यानंतरचा. राजनिष्ठ घरातला डेव्हिड आणि हरलेल्या बाजूचा ॲलन ब्रेक डोंगरदऱ्यांतून जीव मुठीत धरून एकत्र पळतात. लपण्याच्या जागी ॲलन पत्त्यांत दोघांचे पैसे हरतो, मग दोघं अबोला धरून चालत राहतात आणि शेवटी तलवारीवर येतात. मला हे पुस्तक हेन्टीच्या साऱ्या फळीपेक्षा मोठं वाटतं. त्यात हरलेल्या माणसाला स्वतःचं म्हणणं आहे, गर्व आहे, चुका आहेत, आणि जिंकलेल्या बाजूचा मुलगा त्याच्याबरोबर चालून बदलतो. सोयराला असा एक अध्याय मिळाला असता तर, हा विचार माझ्या मनातून कधी गेला नाही.

हेन्टी लिहीत होता त्याच वर्षांत हरिभाऊ आपटे पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘उषःकाल’ ही शिवकाळावरची कादंबरी लिहीत होते, ही तारीखही सरांनी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली होती. मुलखावर चालून येणाऱ्यांची गोष्ट तिकडे सांगितली जात होती आणि मुलूख उभा करणाऱ्यांची इकडे. त्यानंतर आम्ही आपट्यांकडेही गेलो आणि त्यांनाही प्रश्न विचारले. सरांचा तसा आग्रहच असे.

मी पुढे शिक्षक झालो नाही, नोकरी बँकेत केली. पण घरात मुलांना आणि आता नातीला हेन्टी वाचून दाखवताना शेजारी सरदेसायांचा मराठ्यांचा इतिहास, ‘मराठी रियासत’, उघडा ठेवतो. नात आठवीत आहे. हॅरी संकटातून सुटला की टाळ्या वाजवते आणि लगेच विचारते, “आजोबा, आता दुसरं पुस्तक काय म्हणतं?”

गेल्या वर्षी ग्रंथालयात गेलो तेव्हा ती फळी रिकामी होती. वाळवी आणि पावसाळे यांनी पुस्तकं संपवली, असं बाईंनी सांगितलं. हेन्टी आणि स्टीव्हन्सन यांचे हक्क कधीच संपले आहेत, मजकूर इंटरनेटवर मोफत मिळतो. ‘बॅयोनेट’ आणि ‘किडनॅप्ड’च्या वर्गाला पुरतील इतक्या प्रती बांधून द्यायची माझी तयारी आहे, सोबत खऱ्यांच्या पत्रांतली वडगावची पानंही. शनिवारचा शेवटचा तास पुन्हा देता येईल का, एवढं मुख्याध्यापकांनी शिक्षकांशी बोलून कळवावं.